अंग बाहेर येणे : शस्त्रक्रिया की अन्य उपाय?
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मला ‘महिला व आरोग्य’ हा विषय देण्यात आला होता. त्यातला एकच आजार मी निवडला आहे, कारण त्याचे नाव चारचौघांत घेतले जात नाही. तो म्हणजे अंग बाहेर येणे. समोर विद्यार्थी बसले आहेत, काहींना संकोच वाटेल, वाटू द्या. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी असलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तो आपल्याच मलमूत्रात पडला होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला धुऊन स्वच्छ केले. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या आपण आईच्या दुखण्याचे नाव घ्यायला लाजतो.

माझी आई हे दुखणे घेऊन बारा वर्षे मजुरीला गेली. सहा बाळंतपणे, आणि प्रत्येक वेळी महिना भरायच्या आत डोक्यावर पाटी. अंग खाली आले की आडोशाला जाऊन हाताने आत सारायचे, फडके बांधायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. मला, पोटच्या मुलीला, हे कळले ते ती माझ्याकडे राहायला आल्यावर, धुण्यातल्या फडक्यांवरून! 1928 साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला आणि 1929 मध्ये कायदा झाला. परंतु तो कारखान्यातील स्त्रियांसाठी होता. पाटी वाहणाऱ्या बाईच्या वाट्याला आजही बाळंतपणाची विश्रांती क्वचितच येते.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. बाळंतपणे, जड ओझी, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि पाळी गेल्यानंतरची क्षीणता यांनी ती सैल पडते. मग गर्भाशय खाली सरकते. कधी मूत्राशय, कधी गुदाशयही खाली येते.

आईला मी एका खासगी दवाखान्यात नेले. पाच मिनिटांत निर्णय झाला : पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. आम्ही घाबरलो. कर्जाच्या कागदावर सही घेण्यापूर्वी आम्ही बँकवाले निदान अटी तरी वाचून दाखवतो. येथे तेवढेही नाही! बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण 2019 मध्ये गाजले, ते आठवून मी थबकले आणि आईला सरकारी रुग्णालयात नेले.

तेथील डॉक्टरबाईंनी तपासले आणि समजावून सांगितले. अंग खाली आल्यामुळे कॅन्सर होत नाही. मात्र पाळी गेल्यावर रक्त दिसले, लघवी अडली किंवा बाहेर आलेल्या भागाला जखम झाली तर थांबू नये. एरवी विचार करायला वेळ असतो. त्रास नसेल तर काहीच करावे लागत नाही. सुरुवातीच्या अवस्थेत, लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळण्याचा व सोडण्याचा व्यायाम तीन-चार महिने नेमाने केला तर आराम पडतो. पूर्ण बाहेर आलेले अंग मात्र व्यायामाने आत जात नाही.

दुसरा उपाय रिंगचा. सिलिकॉनची ही रिंग मापाप्रमाणे आत बसवतात, भूल लागत नाही. पण ती काही महिन्यांनी काढून, धुऊन, आतली जागा तपासून घ्यावी लागते. विसरलात तर जखमा होतात.

शस्त्रक्रियेचेही प्रकार आहेत. बहुधा योनिमार्गे गर्भाशय काढतात आणि सैल झालेला आधार शिवून घट्ट करतात. हा आधार नीट केला नाही तर नुसती पिशवी काढून भागत नाही. राहिलेला भाग पुन्हा खाली येतो. नीट करूनही काहींना काही वर्षांनी त्रास उलटतो. ज्यांना मूल हवे आहे किंवा पिशवी राखायची आहे, त्यांच्यासाठी ती वर टांगून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया आहेत, मुंबईचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांची पद्धत प्रसिद्ध आहे. योनिमार्गे जाळी बसवणार असतील तर चौकशी जरूर करा, कारण अशा जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये थांबवली.

आईने रिंग निवडली. दीड वर्ष ती बरी वावरली. नंतर रिंग उकिडवे बसताना निसटू लागली, तेव्हा तीच म्हणाली, “आता मला आपरेशन करायचंय.” भाऊ म्हणाला, या वयात कशाला? त्यावर ती म्हणाली, “बारा वर्षं तुला विचारून सोसलं का?” मधुमेह आटोक्यात आल्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढे तीन महिने ओझे उचलायचे नव्हते. भावाने हंडे भरले, मी रजा काढली, मेहुणेमंडळी हसली. ज्या घरात तीन महिने बाईचा हंडा दुसरे कोणी उचलणार नाही, तेथे शस्त्रक्रियेचा सल्ला देताना याचीही चौकशी व्हायला हवी, असे माझे मत आहे.

मेळावा संपल्यावर मी विहारामागील खोलीत थांबणार आहे. ज्या भगिनींना एकटीने डॉक्टरांकडे जायची भीती वाटते, त्यांच्यासोबत शनिवारी यायची माझी तयारी आहे. महिन्याचा दुसरा किंवा चौथा शनिवार असावा, एवढेच. त्या दिवशी आम्हाला सुट्टी असते.

जयभीम! नमो बुद्धाय!