ऐकून घेणारा बाक
(वार्षिक सभेतील भाषणाचा संपादित भाग)



शरीराच्या आजारात शेजारीपाजारी विचारपूस करावयास येतात. मनाचा आजार मात्र दाराआड लपविला जातो. म्हणून रुग्ण रुग्णालयात पोहोचतो तेव्हा पुष्कळ काळ लोटलेला असतो. हे अंतर कसे कमी करता येईल, याचा एक वस्तुपाठ झिंबाब्वे या देशाने घालून दिला आहे.

तेथे साऱ्या देशात मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. हरारे शहरातील डॉ. डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्णाने आत्महत्या केली. रुग्णालयात येण्यासाठी बसभाड्याचे पैसेही त्या कुटुंबाजवळ नव्हते. २००६ साली डॉ. चिबांडा यांनी म्बारे या वस्तीतील १४ आज्यांना प्रशिक्षण दिले. दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून या आज्या समोरच्याचे शांतपणे ऐकून घेत. अनेक अडचणींपैकी एक त्यानेच निवडावी आणि तिच्यावर झेपेल असा उपायही त्यालाच सुचावा, अशी ही पद्धत. 'नैराश्य' या वैद्यकीय शब्दाऐवजी त्या शोना भाषेतील 'कुफुंगिसिसा', म्हणजे 'अति विचार', हा घरगुती शब्द वापरीत. या बाकाला नाव मिळाले 'मैत्रीचा बाक'.

हरारेतील २४ दवाखान्यांत ५७३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांत नैराश्याची लक्षणे होती. बाकावर बसलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. आपल्या शेजारच्या गोव्यातही 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकरवी असेच काम यशस्वी करून दाखविले आहे. अर्थात तीव्र आजारात तज्ज्ञाची व औषधाची जागा बाक घेऊ शकत नाही. तेथवर वेळेवर पोहोचविणे हेही त्याचेच काम.

असा बाक कामाच्या ठिकाणीही हवा. नैराश्य व चिंता यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बरा होऊन कामावर परतलेल्या माणसास काही दिवस हलके काम, तपासणीसाठी सवलत आणि कुजबुजीपासून मुक्ती, एवढे मिळाले तरी त्याची नोकरी टिकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याच्या आजाराविषयी गुप्ततेचा हक्कही दिला आहे.

आप्तेष्टांना विनंती, की उपदेश करण्याआधी ऐकून घ्यावे. रात्री-अपरात्री आधार हवा असल्यास शासनाची १४४१६ ही 'टेली-मानस' दूरध्वनी सेवा मराठीतही विनामूल्य उपलब्ध आहे. देणगीदारांना प्रार्थना, की इमारती व यंत्रसामग्रीबरोबरच एखाद्या समुपदेशकाचे प्रशिक्षण आणि गरीब रुग्णाचे बसभाडे यांचाही विचार व्हावा. दगडी कोनशिलेवर या दानाची नोंद होणार नाही. परंतु एखादे घर त्यामुळे उभे राहील.