बऱ्हाणपूर : सातपुड्याची वाट आणि सातपुड्याचे पाणी

नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांमध्ये आडवी पसरलेली सातपुड्याची रांग खांडवा आणि बऱ्हाणपूर यांच्या दरम्यान इतकी ठेंगणी होते, की तोफा, उंट आणि मालाच्या गाड्या घेऊन उत्तरेतून दक्षिणेत उतरण्यास त्याहून सुगम वाट या भागात क्वचितच सापडते. या वाटेवर पहारा ठेवणारा असीरगड शहराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर आहे, आणि वाट जिथे तापीला मिळते तिथे नदीच्या उत्तर काठावर बऱ्हाणपूर वसले आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून उत्तरेकडे निघालेल्या आगगाडीनेही हाच मार्ग धरला.

थाळनेरहून खानदेशावर राज्य करणाऱ्या मलिक राजाचा मुलगा नसीरखान फारुकी याने चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या संधिकाळात हे नगर वसवले आणि त्याला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले. समोरच्या काठावरील जैनाबादला त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांचे नाव मिळाले. हे दोघेही चिरविश्रांती घेत आहेत ते खुलताबादला. फारुकींची सत्ता आकाराने बेताची असली, तरी तिची दृष्टी संकुचित नव्हती, याची साक्ष राजा अलीखान उर्फ आदिलशाह फारुकी याने बांधवलेली जामा मशीद देते. या घुमटहीन, कमानींच्या मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला देवनागरी लिपीतला संस्कृत लेख असून, त्यात फारुकी वंशावळीबरोबर संवत १६४६, शके १५११, तिथी, वार आणि नक्षत्र असे जवळजवळ पंचांगच कोरलेले आहे. मशिदीचा मुहूर्त शकात नोंदवण्याचे त्या राजाला वावडे वाटले नाही, हे मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे.

१६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला आणि राजधानीचे हे शहर मोगलांच्या दख्खन मोहिमांचा तळ बनले. तळावर माणसे येतात ती पुढे जाण्यासाठी. मुमताजमहलचे निधन १७ जून १६३१ रोजी येथेच झाले, परंतु जैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे मृगयेच्या बागेत, तिची कबर जेमतेम सहा महिने राहिली आणि नंतर आग्र्यास हलवली गेली. पुरंदरच्या तहाने महाराष्ट्राला परिचित असलेले मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये येथेच वारले. त्यांची छत्री मात्र तापी आणि मोहना यांच्या संगमावर अद्याप उभी आहे.

तळाच्या आश्रयाने बाजार फोफावला. येथील तलम आणि जरीचे कापड इराण, तुर्कस्तान, रशिया व पोलंडपर्यंत जात असल्याचे फ्रेंच प्रवासी तावेर्निये याने नमूद केले आहे. शहरातील यंत्रमागांचा खडखडाट हा त्याच परंपरेचा आजचा आवाज होय. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने लूट केली ती प्रामुख्याने तटाबाहेरच्या बहादूरपुऱ्यासारख्या सधन पुऱ्यांची, आणि शहराभोवतीचा आजचा तट त्यानंतर पन्नास वर्षांनी, १७३१ मध्ये, निजामाच्या काळात उभा राहिला. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये शहर पेशव्यांकडे, पुढे शिंद्यांकडे आणि १८६० मध्ये इंग्रजांकडे गेले. २००३ मध्ये ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले.

तथापि बऱ्हाणपूरचा खरा चमत्कार जमिनीखाली आहे. दारातून तापी वाहत असताना या शहराने पाणी आणले ते डोंगरातून, कारण नदीचे पात्र उंच काठाच्या बरेच खाली आहे, आणि वेढा पडल्यास नदीचा भरवसा धरता येत नाही. अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने कुंडी भंडारा ही योजना आखली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी भूमिगत बोगद्यात गोळा करून केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत नेणे, हे तिचे तत्त्व इराणातील कनात पद्धतीचे आहे. औरंगाबादची नहर-ए-अंबरी ही मराठी वाचकाच्या ओळखीची तिची सख्खी बहीण. बोगद्यावर ठराविक अंतराने उभ्या विहिरी खोदलेल्या आहेत, त्यांना कुंड्या म्हणतात आणि त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. त्यांतून बोगद्याला हवा आणि उजेड मिळे, तसेच गाळ काढण्यासाठी माणूस खाली उतरू शके. एका कुंडीत आता पाळणा बसवलेला असून, सुमारे ८० फूट खाली गेल्यावर गुडघाभर नितळ पाणी आणि भिंतींवर साचलेले चुन्याचे पांढरे थर दिसतात. पाण्यातील क्षार साचत गेल्यामुळे बोगदा काही ठिकाणी अरुंद झाला आहे.

सातपुड्याच्या पायथ्याच्या याच पट्ट्यात, मोठे गोटे आणि वाळू यांच्या सच्छिद्र थरांत, ज्याला भूशास्त्रात बझाडा म्हणतात, मुरणाऱ्या पाण्यावर आज बऱ्हाणपूर आणि शेजारच्या रावेर-यावलच्या केळीबागा उभ्या आहेत. राज्यांची सीमा मधे असली तरी भूजल एकच असल्याने, कूपनलिका खोल गेल्या की दोन्हीकडची पातळी खालावते. तापीचे पुराचे पाणी या थरांत पुन्हा मुरवण्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मे २०२५ मध्ये भोपाळ येथे सामंजस्य करार केला.