वर्गात सगळ्यांत शेवटी आलेला
(१९८१ च्या दहावीच्या तुकडीच्या बेडसे येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला विषय दिलाय, 'सोशल मीडिया आणि मी'. हसलात ना? हसणारच. आपल्या ग्रुपवर सगळ्यांत शेवटी आलेला मीच. शाळेतही इथून, बेडशाहून, चालत यायचो, त्यामुळे प्रार्थना संपल्यावरच पोचायचो. पावसाळ्यात ओढा भरला की थेट दुसऱ्या तासाला. तेव्हा सवय जुनीच आहे.

पहिला प्रसंग ऑर्कुटचा. २००८ साल असेल. पुतण्या इंजिनिअरिंगला होता, तो म्हणाला, "काका, तुमचं खातं काढून देतो." मला वाटलं बँकेचं. सायबर कॅफेत नेऊन त्यानं मला बसवलं आणि सुरतेला गेलेला आपला एक मित्र शोधून दिला. सत्तावीस वर्षांनी त्याचा फोटो बघितला. टक्कल पडलेलं, पण हसणं तेच. मला राहवलं नाही. रोमन अक्षरांत जमेल तसं मराठी लिहून पत्रच पाठवलं. सप्रेम नमस्कार, दादांचा गुडघा दुखतोय, भात बरा आलाय, आणि शेवटी: तू नेलेले पाच हजार सवडीने दे, वहिनींना कळू देऊ नकोस.

चार दिवसांनी वहिनींचाच फोन! ते पत्र नव्हतं हो, चावडीवरची दवंडी होती. स्क्रॅपबुकावर लिहिलेलं सगळ्यांना दिसतं, हे पुतण्यानं सांगितलंच नव्हतं. मित्र समोरच बसलाय, मान खाली घालून हसतोय. पैसे मात्र पुढच्या महिन्यात आले. मी त्या वाटेला परत गेलो नाही. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुटच बंद झालं, तेव्हा एकटा मीच खूश असेन.

फेसबुकवर गेलो तो मुलीच्या आग्रहानं. दुसऱ्याच दिवशी आपल्या बाईंची 'फ्रेंड रिक्वेस्ट'. आता बाईंना फ्रेंड कसं म्हणायचं? ज्यांच्यासमोर आजही हात मागे बांधले जातात! तीन दिवस मी ते बटण दाबलं नाही. शेवटी फोन करून विचारलं, "बाई, दाबू का?" बाई म्हणाल्या, "दाब रे, घरचा अभ्यास नाही तो."

तिथे प्रत्येकाची एक 'भिंत' असते म्हणे. मला हसू आलं, कारण भिंतीवर नाव लिहिण्यात आपण बेडसेकर जुने. वर लेण्यात, चैत्यगृहाच्या ओसरीत, ब्राह्मी अक्षरांत कोरलंय की हे नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुसणक याचं दान. दोन हजार वर्षं झाली. कुठल्या नाशिकचा माणूस, आणि नाव आपल्या डोंगरात. आठवीच्या सहलीत आपणही तिथे कोळशानं नावं लिहिली होती, आणि सरांनी ओढ्याचं पाणी वर वाहायला लावून ती धुवून घेतली होती. पायऱ्या चढून पाय भरून आले होते. सर, माझं नाव मी सगळ्यांत वर लिहिलं होतं, ते हाताला लागेना म्हणून तसंच राहिलं. आज कबूल करतो.

फेसबुकवर एक गोष्ट मला पटली नाही, ती सांगतोच. आपल्यातल्या एकाचे वडील गेले, त्यानं फोटो टाकला, आणि खाली शंभरेक अंगठे. तेव्हा दुसरं चिन्हच नव्हतं, ती वेगवेगळी तोंडं २०१६ मध्ये आली. माणसं वाईट नव्हती, पण मला ते बघवलं नाही. मी लोकल पकडून भेटायला गेलो. तो म्हणाला, "अंगठा शंभरांनी दाखवला, आलात चार जण."

आता व्हॉट्सअ‍ॅप. इथे जरा हसणं बाजूला ठेवतो.

२०१६ मध्ये जिओ आलं, फोन स्वस्तात चालायला लागला, आणि तुम्ही मला ग्रुपवर ओढलंत. सकाळी उठलं की चाळीस गुलाबाची फुलं. मी टिंगल करायचो. मी म्हणजे शहाणा, मी काहीच पुढे पाठवत नाही, असा तोरा होता. आणि जून २०१८ मध्ये तो निरोप आला. मुलं पळवणारी टोळी आली आहे, वेश बदलून फिरते, पुढे पाठवा. माझा नातू तेव्हा अडीच वर्षांचा. पोटात गोळा आला. एरवी काही न पाठवणाऱ्या मी तो आपल्या ग्रुपवर, भावकीत, कंपनीतल्या जुन्या माणसांना, सगळीकडे पाठवला. 'हा कधी पाठवत नाही, म्हणजे खरंच असणार', असं तुमच्यातल्याच एकानं खाली लिहिलं होतं.

दोन दिवसांनी भाच्याचा फोन आला. त्यांच्या वाडीत एका बोहारणीला पोरांनी अडवलं, तिची पाटी उपडी केली, आधार कार्ड मागितलं. एक म्हातारी मध्ये पडली म्हणून सुटली. भाचा म्हणाला, "मामा, पोरांच्या हातात तुम्ही पाठवलेलाच मेसेज होता."

आणि मग १ जुलै. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, राईनपाडा. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षेकरी. आठवड्याच्या बाजारच्या दिवशी जमावानं पाचही जणांना ठेचून मारलं. अफवा हीच. माझ्या लहानपणी पहाटे डमरू वाजवत गोसावी यायचा, तेव्हा आई सुपात तांदूळ घेऊन दारात उभी असायची.

त्या रात्री मी ग्रुपवर माफी लिहिली. तुम्ही हात जोडल्याची चित्रं टाकलीत. फोन फक्त सरांचा आला. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "किती जणांना पाठवलं होतंस?" म्हटलं, मोजलं नाही. म्हणाले, "मग मोज. आणि एकेकाला फोन कर. लिहू नकोस, बोल." एकशे सोळा नावं निघाली. तीन आठवडे लागले. पुढे त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पाठवता येईल असं केलं, पण तोवर मी निम्मी यादी संपवली होती. एकशे सोळांतल्या नऊ जणांनी सांगितलं की आम्हीही पुढे पाठवला. ते कुठे पोचले, ते मला कधीच कळणार नाही.

शेवटचं, आणि मग जेवायला जाऊ, वास सुटलाय इंद्रायणीच्या भाताचा.

आपल्या वर्गातली मुलं शोधायला फार वेळ लागला नाही. नाव टाकलं, आडनाव टाकलं, सापडला. मुली सापडेनात. लग्नात आडनाव बदललं, कित्येकींचं नावही बदललं. फेसबुकला काय माहीत की ही अमक्या तालुक्यातली अमुक काकू म्हणजे आपल्या दुसऱ्या बाकावरची. मी शाळेतून हजेरीतली माहेरची नावं उतरवून आणली. अकरा मुली होत्या. मग सुरू झालं चुलतभावाला विचार, माहेरच्या गल्लीत विचार. सात सापडल्या, त्यातल्या सहा आज आल्या आहेत. एक जण तर इथून चार मैलांवर राहत होती आणि तिला वाटत होतं, नववीत लग्न होऊन शाळा सुटली, म्हणजे आपण या वर्गातल्या नाहीच. ती ग्रुपवर आली, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की हा फोन घेतला ते बरं झालं.

चार जणी राहिल्यात. त्यांची माहेरची नावं आणि गावं लिहिलेला कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय, पेनही आहे. हात धुवायला जाताना एकदा बघा. कुणाला काही आठवलं, सासरचं गाव, भावाचं नाव, काहीही, तर तिथेच लिहा. आणि त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, त्यांना विचारलेलं नाही अजून.