जेवण पोहोचवणारं ॲप : सोय कुणाची, जोखीम कुणाची?

(युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मित्रांनो आणि बहिणींनो, मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. म्हणून फूड डिलिव्हरी ॲपचे फायदे-तोटे मला ठाऊक असतील, असा आयोजकांचा समज झाला. खरं म्हणजे हा विषय मला माझ्या मामूच्या मुलाने शिकवला.

तो बी.कॉम. करून सांगलीहून पुण्यात आला, कोंढव्यात राहू लागला. तीन-चार ठिकाणी मुलाखती दिल्या, काम जमलं नाही. शेवटी मोटारसायकल, लायसन्स, मोबाईल आणि बँक खातं एवढ्या भांडवलावर तो एका ॲपचा रायडर झाला. ओळख लागली नाही, चिठ्ठी लागली नाही, नाव ऐकून कुणी थबकलं नाही. दर आठवड्याला खात्यात पैसे येऊ लागले. आपल्यातल्या अनेक पोरांसाठी ही लहान गोष्ट नाही.

दुसरा फायदा आमच्या खालाचा. ती घरी बिर्याणी करते. एफएसएसएआयची नोंदणी काढून ती ॲपवर आली. पूर्वी तिचं गिऱ्हाईक गल्लीतलं होतं, आता वानवडी आणि एनआयबीएम रोडवरून ऑर्डर येतात. आमच्या मोहल्ल्यात कधी पाऊल न टाकलेली माणसं तिच्या हातचं खातात.

आता दुसरी बाजू. खालाच्या करारात कमिशन २५ टक्के आहे. २४० रुपयांच्या प्लेटमागे ६० रुपये तिथेच जातात, सवलतीतला वाटा वेगळा. शिवाय गिऱ्हाईकाचा नंबर तिच्याकडे येत नाही. उद्या ॲपने तिला यादीत खाली ढकललं, तर ही माणसं शोधायची कुठे?

मामूच्या मुलाचं आणखी अवघड झालं. रमजानमधली संध्याकाळ. इफ्तारच्या गर्दीत हॉटेलने ऑर्डर द्यायलाच चाळीस मिनिटं लावली. ग्राहकाने तक्रार केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा आयडी बंद. तो माझ्याकडे आला, म्हणाला, ‘‘भाईजान, तुम्ही कॉम्प्युटरवाले, बघा ना काही.’’ आम्ही चॅटवर लिहीत राहिलो. प्रत्येक वेळी तेच ठरलेलं वाक्य परत यायचं. सोळा दिवसांनी आयडी सुरू झाला. बंद का झाला होता, ते कुणी सांगितलं नाही. दरम्यान गाडीचा हप्ता चुकला.

घरात सगळे म्हणाले, नावामुळे झालं. मी तसा दावा करणार नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण कारणच दिलं नाही, तर संशय मिटणार कसा? आणि तो हवेतून येत नाही. २०१९ मध्ये जबलपूरला एका ग्राहकाने रायडर मुस्लिम आहे म्हणून ऑर्डर रद्द केली होती. झोमॅटोने तेव्हा ग्राहकाचं ऐकलं नाही, आणि अन्नाला धर्म नसतो असं जाहीरपणे सांगितलं. २०२२ मध्ये हैदराबादमध्ये स्विगीच्या एका ऑर्डरवर ‘मुस्लिम रायडर नको’ अशी सूचना लिहिलेली आढळली. उघडपणे लिहिलेला द्वेष निदान दिसतो. पण न बोलता दिलेला एक स्टार? रेटिंगची सॉफ्टवेअर मी लिहिली आहेत. त्यांत एक स्टार म्हणजे फक्त एक आकडा. हॉटेलचा उशीर, रस्त्यातला ट्रॅफिक आणि नावाचा राग, तिन्ही तिथे सारखेच दिसतात.

आणि कबूल करतो, डोसा थंड आला म्हणून मीही एकाला एक स्टार दिला होता. तो कुणाचा मुलगा होता, हा विचार मनात आला नाही.

मग करायचं काय? ॲप काढून टाका, असं मी म्हणणार नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग कामगार होते. त्यांची चूल या कामावर पेटते. आपण कायद्याकडे बघू. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये गिग कामगाराची व्याख्या आहे, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्यासाठी द्यावी अशी तरतूद आहे. राजस्थानने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. कर्नाटकच्या २०२५ च्या कायद्यात कामावरून काढण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस सांगितली आहे. महाराष्ट्रातल्या रायडरलाही हेच मिळालं पाहिजे, आणि त्याची तक्रार यंत्राने नव्हे, माणसाने ऐकली पाहिजे. ही मागणी फक्त मुसलमानांची नाही. आमच्या भावाबरोबर रांगेत उभे असलेले पाटील, कांबळे आणि यादव यांचीही तीच आहे.

तोवर आपल्या हातातलं करू. रायडर असाल तर ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा, हॉटेलमध्ये पोहोचल्याची आणि निघाल्याची वेळ स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि तक्रार एकट्याने नव्हे, संघटनेमार्फत करा. गिऱ्हाईक असाल तर जवळच्या खानावळीला थेट फोन करा. आणि स्टार देण्याआधी दारात उभ्या असलेल्या माणसाला एकदा विचारा, ‘‘भाऊ, उशीर कशामुळे झाला?’’

आमच्या भावाला हे त्या दिवशी कुणीच विचारलं नव्हतं.