शेतावरील जळणाचा खरा भाव

(ग्रामसेवक, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतीच्या खर्चाचा हिशेब मांडताना बियाणे, खत, औषध, मजुरी आणि वीज या बाबी आपण काटेकोरपणे लिहितो. जळणाचा रकाना मात्र बहुधा कोराच राहतो. वास्तविक कोल्हापूर भागातील गुऱ्हाळे असोत, सांगली वा हिंगोली भागात हळद शिजविण्याचे काम असो किंवा कोंबड्यांच्या पिलांना पहिले काही आठवडे ऊब देण्याचा प्रश्न असो, शेतावर उष्णतेची गरज मोठी आहे आणि ती मुख्यतः लाकूडफाटा, चिपाडे, पऱ्हाट्या, तुराट्या व भाताचे तूस यांवरच भागविली जाते. हे जळण घरचे म्हणून फुकटचे, ही समजूत आता टिकण्यासारखी राहिलेली नाही. साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीमुळे बगॅसला बाजारभाव आला. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात पाच टक्के जैवइंधन मिसळावे, असे धोरण केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केले. त्यामुळे शेतातील काडीकचऱ्यालाही गिऱ्हाईक निर्माण झाले. ज्या वस्तूला गिऱ्हाईक आहे, ती फुकट नसते.

म्हणूनच आज मी आपणांपुढे एकच मुद्दा मांडणार आहे. जळण आपण गाडीवर किंवा वजनावर विकत घेतो. पण आपल्याला हवी असते ती उष्णता. तेव्हा जळणाचा भाव उष्णतेच्या मापाने ठरविला पाहिजे.

ओलाव्याची किंमत

पूर्ण वाळलेल्या एक किलो लाकडापासून सुमारे ४,४०० किलोकॅलरी उपयुक्त उष्णता मिळते. बाभूळ असो की आंबा, वजनाच्या हिशेबाने हा आकडा फारसा बदलत नाही. खरा फरक पडतो तो ओलाव्याने. लाकडात पाणी असेल तर तेवढे लाकूड कमी मिळते. शिवाय त्या पाण्याची वाफ करण्यासाठी किलोमागे जवळजवळ ६०० किलोकॅलरी खर्ची पडतात.

एक उदाहरण घेऊ. यातील भाव केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत. एक व्यापारी ४५ टक्के ओलाव्याचे लाकूड चार रुपये किलोने देतो. दुसरा १५ टक्के ओलाव्याचे लाकूड साडेपाच रुपयांनी देतो. कोणीही पहिल्याकडेच जाईल. परंतु पहिल्या लाकडातून किलोमागे सुमारे २,१५० किलोकॅलरी मिळतात, तर दुसऱ्यातून सुमारे ३,६५०. म्हणजे हजार किलोकॅलरीस पहिल्याकडे १ रुपया ८६ पैसे पडतात आणि दुसऱ्याकडे १ रुपया ५१ पैसे. स्वस्त वाटलेले जळण प्रत्यक्षात महाग ठरले. शेतकऱ्याने लाकडाच्या भावाने पाणी विकत घेतले, असाच याचा अर्थ.

राख आणि आकारमान

ओलाव्यानंतर पाहावयाची गोष्ट म्हणजे राख. चांगल्या लाकडात राख एक-दोन टक्के असते. भाताच्या तुसात ती १५ ते २० टक्के असून तिचा मोठा भाग सिलिकाचा असतो. त्यामुळे वाळलेल्या तुसाची उष्णता किलोमागे ३,००० ते ३,२०० किलोकॅलरींच्या आसपासच राहते. शिवाय राख वारंवार काढण्याची मजुरी पडते. काडाच्या राखेत पालाश अधिक असल्याने ती तीव्र जाळात वितळून तिचे घट्ट गोळे बनतात आणि भट्टीची जाळी तुंबते. जळणात माती मिसळलेली असेल तर राख आणखी वाढते. शेतातून ओढून आणलेल्या पऱ्हाट्यांची मुळे झटकून घ्यावीत, हे सांगण्याचे कारण हेच.

तिसरी गोष्ट आकारमानाची. महाराष्ट्रात कपाशीचे क्षेत्र सुमारे ४० लाख हेक्टर असून हेक्टरी साधारणतः दोन ते तीन टन पऱ्हाट्या निघतात. गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव पुढील हंगामात जाऊ नये म्हणून त्या शेतातून वेळेवर काढाव्याच लागतात. पण सुट्या पऱ्हाट्यांनी ट्रॉली लवकर भरते आणि वजन मात्र थोडेच जाते. वाहतुकीतच भाव निघून जातो. बांधावर यंत्राने तुकडे केले किंवा दाबून कांडी म्हणजे ब्रिकेट बनविली, तर त्याच ट्रॉलीत कित्येक पट माल बसतो. कांडीसाठी कच्चा माल १० टक्क्यांच्या आसपास ओलाव्याचा लागतो. म्हणून ती जळतेही चांगली. मात्र कांडी घेताना ओलावा, राख व उष्णता यांचा प्रयोगशाळेचा दाखला मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गुऱ्हाळाचा हिशेब

हे सर्व एका ठिकाणी पाहावयाचे तर गुऱ्हाळघरात जावे. एक टन उसापासून सुमारे ६५० किलो रस आणि ३५० किलो ओली चिपाडे निघतात, असे धरू. त्यातून ११० किलो गूळ उतरावयाचा, तर सुमारे ५४० किलो पाणी आटवावे लागते. रस तापविणे व पाणी आटविणे मिळून साधारण सव्वातीन लाख किलोकॅलरी उष्णता काहिलीत पोहोचली पाहिजे. दुसरीकडे, तीच चिपाडे उन्हात चांगली वाळविली तर त्यांत सुमारे सात लाख किलोकॅलरी असतात. म्हणजे भट्टीने निम्मी उष्णता काहिलीस दिली, तर गुऱ्हाळ आपल्याच चिपाडांवर चालते. भट्टीने एक तृतीयांशच दिली, तर बाहेरून जळण आणावे लागते आणि गुळाच्या भावातील नफा चुलवाणात जातो.

ओली चिपाडे जाळल्यास हिशेबात सुमारे दहा टक्के उष्णता कमी होते. प्रत्यक्षातील नुकसान त्याहून मोठे असते. भट्टी पुरेशी तापत नाही, जळण अर्धवट जळते आणि उरलेली उष्णता काळ्या धुराच्या रूपाने धुराड्यातून निघून जाते. तोच धूर चुलवाणापाशी दिवसभर जाळ घालणाऱ्या मजुराच्या छातीत जातो. त्याच्या आजारपणाचा खर्च कोणत्याही वहीत लिहिला जात नाही, पण तो त्याच्या कुटुंबाला भरावा लागतो. जळण अपुरे पडले की काही ठिकाणी जुने टायर व प्लास्टिक जाळण्याचे प्रकार झाले आहेत. त्यांचा धूर विषारी असतो आणि ते कायद्यासही धरून नाही. या अनर्थाचे मूळ पुष्कळदा न वाळविलेल्या चिपाडांत व सदोष भट्टीत असते. जळणाखाली जाळी, हवेचे प्रमाण राखणारी झडप, योग्य उंचीचे धुराडे आणि बाहेर जाणाऱ्या गरम धुरावर पुढील रस तापविणारी दुसरी काहिल, या सुधारणा गावच्या गवंड्याला योग्य मार्गदर्शन मिळाल्यास करता येण्याजोग्या आहेत.

हळदीच्या बाबतीतही हाच धडा मिळतो. उघड्या काहिलीत भरपूर पाणी उकळण्यापेक्षा बंद पिंपात वाफेवर हळकुंडे शिजविल्यास पाणी व जळण दोन्ही वाचतात.

जमिनीचा वाटा

तथापि शेतातील सर्वच काडी भट्टीत घालावी, असे माझे म्हणणे नाही. काडी जाळली की तिच्यातील सेंद्रिय अंश व नत्र नाहीसे होतात. राखेत पालाश तेवढे शिल्लक राहते. सोयाबीनचे कुटार, उसाचे पाचट यांसारखा लवकर कुजणारा माल जनावरांस किंवा जमिनीस द्यावा. पऱ्हाट्या-तुराट्यांसारखा कठीण माल जळणास वापरावा आणि त्याची स्वच्छ राख शेतात परत न्यावी. शेणाच्या गोवऱ्या थापण्यापेक्षा गोबरगॅस संयंत्र चालविले तर इंधन मिळून खतही हाती राहते.

आपण काय करावे

आपणांपैकी शिक्षकांना माझी विनंती आहे की, हा विषय वर्गात न्यावा. एक किलो जळणाचे बारीक तुकडे करून प्रयोगशाळेतील वाळवणी पेटीत १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत ठेवावेत. वजन ६५० ग्रॅम भरले, तर ओलावा ३५ टक्के होता. सातवीचा विद्यार्थी हे गणित सोडवील आणि घरी जाऊन वडिलांना सांगेल. पंचायत सदस्यांनी गावात एक सामायिक वजनकाटा आणि पावसापासून जळण राखणारी एक शेड, एवढ्याची तजवीज करावी. ग्रामसेवकांनी हंगामापूर्वी गुऱ्हाळमालकांची बैठक घेऊन जळण किती दिवस वाळविले, भट्टीची दुरुस्ती झाली की नाही, हे विचारावे. याला मोठा निधी लागत नाही.

सूर्याचे ऊन आपल्याकडे विपुल आहे आणि त्याची पावती फाडावी लागत नाही. मार्गशीर्ष-पौषात चार-आठ दिवस पसरून ठेवलेले जळण पुढे प्रत्येक काहिलीला पैसे मिळवून देते. आपापल्या गावी परतल्यावर निदान एका शेतकऱ्याच्या वहीतील जळणाचा कोरा रकाना आपण भरून द्यावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.