अनेक विश्वे आणि एक समीकरण



‘ब्रह्मांड’ हा शब्द अनेकवचनी ऐकण्याची आपल्या कानांना जुनी सवय आहे. ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ हा घोष कोणाला परका वाटत नाही. म्हणून आरंभीच सांगतो, की आज आम्ही ज्या अनेक विश्वांविषयी बोलणार आहोत, त्यांचा या घोषाशी शब्दापुरताच संबंध आहे. ही कल्पना एका समीकरणातून निघाली, आणि तिचा निवाडाही तेथेच व्हावयास हवा.

हे समीकरण श्रोडिंगर यांनी १९२६ साली मांडले. अणूच्या जगातील व्यवहार त्याने अचूक वर्तविता येतो. परंतु त्यात एक विलक्षण गोष्ट आहे. इलेक्ट्रॉनपुढे दोन वाटा मोकळ्या असल्या, तर त्याने एकच वाट धरली असे मानून हिशेब जुळत नाही. दोन्ही वाटा धराव्या लागतात. जपानमध्ये तोनोमुरा व त्यांचे सहकारी यांनी एकेक इलेक्ट्रॉन सोडून हे दाखविले; तो प्रयोग १९८९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा पडद्यावर एकच ठिपका उमटे. पण हजारो ठिपके साचले, की दोन लाटा एकमेकींत मिसळाव्यात तसे पट्टे दिसू लागत.

आता प्रश्न असा, की वाटा दोन, तर ठिपका एकच का? रूढ उत्तर असे, की मापन होताच अनेक शक्यतांपैकी एक उरते व बाकीच्या नाहीशा होतात. समीकरणात मात्र या नाहीसे होण्याचा मागमूस नाही. तो नियम बाहेरून जोडलेला आहे. शिवाय मापनाचे यंत्र तरी अणूंचेच ना? मग त्याला निराळा कायदा का?

१९५७ साली प्रिन्स्टन येथे जॉन व्हीलर यांचे विद्यार्थी ह्यू एव्हरेट यांनी हा जोडनियमच काढून टाकला. समीकरण अखंड चालू द्या, असे त्यांचे म्हणणे. मग शक्यता नाहीशी होत नाही. एका शाखेत यंत्र व पाहणारा एक निकाल पाहतात, दुसऱ्या शाखेत दुसरा. शाखांना एकमेकींची वार्ता नसते.

ब्राइस डीविट यांनी आक्षेप घेतला, की आपण असे दुभंगल्याचे आपल्याला जाणवत नाही. एव्हरेट यांनी कोपर्निकसचा दाखला दिला. पृथ्वीची गती तरी कोठे जाणवते? ती जाणवू नये, हे पुढे न्यूटनच्या गतिशास्त्रावरूनच निघाले. डीविट यांचे समाधान झाले, आणि १९७० साली त्यांनीच लेख लिहून हा विचार पुढे आणला. एव्हरेट मात्र केव्हाच संरक्षणखात्याच्या कामाकडे वळले होते. १९५९ साली कोपनहेगनला नील्स बोर यांची भेट झाली, तीही निष्फळ ठरली. १९८२ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, ते वारले.

हा विचार सिद्ध झाला आहे काय? नाही. त्याची भाकिते व्यवहारात रूढ मताप्रमाणेच येतात, म्हणून प्रयोगाने निवड करणे कठीण. आणि सर्वच निकाल घडत असतील, तर ‘शंभरांत सत्तर’ या संभवाचा अर्थ काय, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. नियमांत काटकसर आणि विश्वांची उधळपट्टी, असा हा सौदा आहे.

पण आमच्या मते सर्वसामान्य माणसाचा प्रश्न वेगळाच असतो. ज्याचे माणूस गेले, तो विचारतो, की दुसऱ्या एखाद्या विश्वात ते जगले असेल काय? ज्याचे पाऊल चुकले तो म्हणतो, की सारेच घडत असेल, तर माझ्या निवडीला काय किंमत? पहिल्याला सांगावे लागते, की अशी शाखा असलीच, तरी तिची हाक येथवर पोहोचत नाही. शास्त्राच्या नावाने खोटे सांत्वन देऊ नये. दुसऱ्याला सांगावे, की शाखा अणूंच्या घडामोडींनी फुटतात, आपल्या संकल्पाने नव्हे. आणि मनात येईल ते सर्व घडते, असे समीकरण म्हणत नाही. जे शक्य ते घडते, तेही कमीअधिक वजनाने. आपल्या कृतीचे फळ ज्यांना भोगावयाचे, ती माणसे याच शाखेत, आपल्या शेजारी बसली आहेत.

विश्वे एक असोत वा अनेक, जबाबदारीची वाटणी होत नाही.