पायरीवर दम लागला तर हसू नका

कुणी भाकरी थापत असाल, कुणी तूर निवडत असाल. हातातलं काम चालू द्या, रेडिओचा आवाज तेवढा वाढवा. आज मी हप्त्याबद्दल आणि कर्जाबद्दल बोलणार नाही. आज पायऱ्यांबद्दल बोलणार आहे. हो, चढायच्या पायऱ्या.

गेल्या वर्षीच्या नवरात्रातली गोष्ट. आमच्या गटाच्या बायका लोणारला कमळजामातेच्या दर्शनाला गेलो होतो. तुमच्यापैकी पुष्कळ जणी तिथं जाऊन आल्या असतील. देवीचं देऊळ खाली, सरोवराच्या काठावर. वरच्या काठापासून पाणी सव्वाशे मीटरहून जास्त खोल. धारेजवळून खाली जाताना पाय आपोआप पळतात. खरी परीक्षा येताना असते.

परत चढताना आमच्या गटाच्या अध्यक्ष ताई तीनदा खाली बसल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "मले चढवत नाही वं पोरी, तुम्ही व्हा पुढं." मी काय म्हणावं? मी म्हणाले, "ताई, अध्यक्ष झाल्यापासून खुर्ची सोडवत नाही वाटतं!" सगळ्या हसल्या. ताईही हसल्या. ते हसू मला आजही टोचतं.

पुढच्या महिन्यात गावात तपासणी झाली. ताईंचं हिमोग्लोबिन निघालं ६.८. बाईचं ते १२ च्या वर पाहिजे, आठच्या खाली गेलं तर डॉक्टर गंभीर समजतात. त्यांनी ताईंना बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की सहा महिन्यांपासून पाळीत खूप अंगावरून जात होतं. घरी सांगितलं नाही, गटात सांगितलं नाही. दर महिन्याला वही उघडून रुपयारुपयाचा हिशेब करणाऱ्या आम्ही. शेजारी बसलेल्या बाईच्या अंगात रक्त किती शिल्लक आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

हिमोग्लोबिन म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते. श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवणाऱ्या त्या गाड्या. सपाटीवर थोड्या गाड्यांत भागतं. पायरी चढताना मांड्या जास्त प्राणवायू मागतात. गाड्या कमी असल्या की हृदयाला त्याच गाड्या भराभर पळवाव्या लागतात. छाती धडधडते, दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणजे ताई आळशी नव्हत्या. त्यांचं शरीर त्या पायऱ्यांवर बसून खरं तेच सांगत होतं आणि मी त्यावर विनोद केला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांत ५७ जणींना रक्त कमी असल्याचं दिसलं. दहा जणींच्या आपल्या गटात पाच-सहा जणी त्यातल्या असू शकतात.

ताईंचे उपचार सुरू झाले. त्याच वेळी आम्ही बैठकीत ठरवलं की आपणही अंग हलवायचं. आमच्या गावात तळ्याच्या पाळीवर छोटी बाग आहे. खालून वर जायला २४ पायऱ्या, एका बाजूला लोखंडी कठडा. पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही.

पहिला विरोध गटातूनच झाला. "दिवसभर कापूस वेचतो, पाणी आणतो, आता पायऱ्या कायले चढायच्या?" प्रश्न बरोबर आहे. आपलं काम कष्टाचंच आहे, पण ते एकाच पद्धतीचं आहे. वाकून वेचणं, उकिडवं बसून निंदणं. कंबर झिजते, पाठ आखडते आणि मांड्यांना नेमाने ताकद मिळत नाही. पायरी चढताना आपण आपलंच वजन वर उचलतो. त्यानं मांड्या, पोटऱ्या बळकट होतात आणि छातीचा दम वाढतो. मांडी मजबूत असली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होऊ लागतात, तेव्हाही अंगावर भार पेलणारी अशी हालचाल कामाला येते. मात्र सोंगणीच्या आणि वेचणीच्या भर हंगामात आम्ही पायऱ्या बंद ठेवतो. तेव्हा शरीराला झोप हवी असते.

लंडन शहराची एक गोष्ट ऐका. तिथं दुमजली बस असायच्या. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर जिना वर-खाली करणारा. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी या दोघांची तब्येत ताडून पाहिली आणि १९५३ साली लिहिलं की कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो. बस एकच, फरक जिन्याचा. आणि लंडनला कशाला जायचं, पुण्यात पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. प्रदर्शनात स्टॉल लावायला गेले तेव्हा पहाटे मी तिथं जाऊन पाहिलं. देवदर्शनाला चार जणी, व्यायामाला चाळीस. साडीतल्या आजीबाई बूट घालून चढत होत्या आणि त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहत नव्हतं.

आमच्याकडे मात्र पाहिलं. पहिल्या आठवड्यात पारावरचे लोक म्हणाले, "बायांना कामं नाहीत वाटतं." एकीच्या सासूबाई रुसल्या. आम्ही वाद घातला नाही. पाच-सहा जणी मिळूनच जायचं, एकटीनं जायचं नाही, एवढं पाळलं. महिनाभरात बोलणी थांबली. त्याच सासूबाई आता सकाळी बागेत बाकावर बसून आमच्या फेऱ्या मोजतात.

आता कसं करायचं ते सांगते.

आधी पायऱ्या निवडा. फुटक्या, शेवाळलेल्या नकोत. जुन्या बारवेच्या किंवा देवळाच्या उंच पायऱ्या गुडघ्यावर येतात. वितीपेक्षा कमी उंचीच्या, एकसारख्या आणि धरायला कठडा असलेल्या पायऱ्या चांगल्या. दिसेल इतका उजेड हवा. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत घरी परता.

सपाता नकोत, त्या पायातून निसटतात. मागून पट्टा असलेली चप्पल किंवा कापडी बूट घाला. साडी घोट्याच्या वर खोचा, पदर कमरेला बांधा. उपाशीपोटी येऊ नका आणि भरल्या पोटीही येऊ नका. घोटभर पाणी प्यायलेलं असावं.

आधी पाच मिनिटं सपाटीवर चाला. मग चढा. पाऊल पूर्ण पायरीवर टेकवा, नुसते चवडे नकोत. घाई नको. चढताना शेजारणीशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. बोलणं तुटलं की वेग कमी करा. वर पोचलात की श्वास जागेवर येईपर्यंत थांबा.

उतरणं सोपं वाटतं, पण गुडघ्याला जास्त त्रास तिथंच होतो. कठडा धरा, एकेक पायरी उतरा. गुडघा दुखत असेल तर बाजूनं उतरा, म्हणजे आधी दुखरा पाय खाली, मग चांगला.

पहिल्या आठवड्यात तीन फेऱ्या पुरेत. दर आठवड्याला एक फेरी वाढवा, जमेल तिथं थांबा. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. बाकीच्या दिवशी भराभर चाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल करायला सांगते. पायऱ्या आणि चालणं मिळून ते जमतं.

आता कुणी चढू नये ते ऐका. छातीत दुखतं, चक्कर येते, बीपी आटोक्यात नाही, अंग बाहेर येण्याचा त्रास आहे, नुकतंच बाळंतपण किंवा पिशवीचं ऑपरेशन झालंय, दिवस गेलेत, अशा मैत्रिणींनी आधी डॉक्टरांना विचारावं. चढताना छातीत दाब आला, घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला तर तिथंच बसा आणि लगेच १०८ ला फोन करा.

आणि पायरीवर पाय ठेवायच्या आधी रक्त तपासून घ्या. आशाताईंना विचारा, उपकेंद्रात जा. लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका, चहात लोह अडकतं. आधी-नंतर तासभर चहा टाळा. गोळीबरोबर लिंबाचं पाणी किंवा आवळा घ्या. शौचाला काळी झाली म्हणून घाबरून गोळ्या सोडू नका. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात. पाळीत खूप जात असेल तर तेही सांगा. ती जागा सोडून नुसत्या गोळ्या खाणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणं.

आमच्या ताई पहिले तीन महिने बागेत फक्त बसून राहायच्या. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर एक फेरी, मग दोन. आता पाच फेऱ्या करतात. हिमोग्लोबिन ११.४ आहे. अजून १२ झालेलं नाही, गोळ्या चालू आहेत.

यंदाच्या नवरात्रात आम्ही पुन्हा लोणारला गेलो. चढताना ताई एकदा बसल्या. या वेळी मी काही बोलले नाही. त्यांच्या शेजारी जाऊन बसले, पाण्याची बाटली पुढे केली. श्वास जागेवर आला तशा त्या म्हणाल्या, "चल, उठ आता." आणि माझ्या आधी वर पोचल्या.

मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की वहीचं एक कोरं पान घ्या. प्रत्येकीचं नाव लिहा, पुढे तिचं हिमोग्लोबिन लिहा. ज्या नावापुढची जागा रिकामी राहील, तिला घेऊन उपकेंद्रात जा. आणि गावातल्या पायऱ्या मोजून ठेवा.